डब्याचा नंबर

मी इंग्रजी शिकवते आणि मला राग लवकर येतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं आमच्या शाळेतल्या शिपायाचं मत आहे. मराठीच्या बाई बघा कशा शांत असतात, असं तो मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात इतरांना सांगतो. मराठीच्या बाई शांत असतात, कारण त्यांच्या विषयाचं जे काही व्हायचं ते मुलांच्या घरीच होऊन गेलेलं असतं. माझ्या विषयाचं रोज माझ्या डोळ्यांदेखत होतं.

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर ‘नंबर’ हा शब्द लिहिला आणि म्हटलं, याचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. सोपा शब्द म्हणूनच निवडला होता. माझ्या डोक्यात एक, दोन, तीन असे साधे आकडे होते. पहिली मुलगी उठली आणि म्हणाली, तिच्या ताईचा नर्सिंगला नंबर लागला. दुसरा म्हणाला, त्याच्या आज्याला नंबर लागलाय, म्हणजे चष्म्याचा. तिसऱ्यानं सांगितलं की टँकर आला की त्याची आई नंबरला घागर ठेवते. चौथा म्हणाला, त्याच्या मामाची गाडी एक नंबर आहे आणि धंदा दोन नंबरचा आहे. वर्ग खिदळला. कसला धंदा, हे मी विचारलं नाही, कारण तो मामा आमच्या शाळा समितीवर आहे. शेवटच्या बाकावरचा एक गंभीर मुलगा म्हणाला, गावातलं कोणी म्हातारं गेलं की त्याचे आजोबा म्हणतात, आता आपला नंबर.

मी म्हटलं, अरे बाबांनो, यातलं एकसुद्धा इंग्रजी नाही. तेव्हा पहिल्या मुलीनं अगदी नम्रपणे विचारलं, मग बाई, याला मराठीत काय म्हणायचं? मी विचार करत उभी राहिले. प्रवेश, भिंगाची शक्ती, पाळी, उत्तम, बेकायदा, मरण. यांतला एकही शब्द आमच्या जिल्ह्यात त्या जागी कोणी वापरणार नाही. मला उत्तर आलं नाही, म्हणून मी रागावले आणि वीस वाक्यांचा गृहपाठ दिला.

खरं म्हणजे त्या मुलांवर चिडायचा मला काडीचाही अधिकार नाही. मी स्वतः नंबरातच वाढले आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या अलीकडं आमचं गाव आणि गावात माझ्या वडिलांची, म्हणजे आण्णांची, पिठाची गिरणी. घराच्या पुढच्याच खोलीत. मी पाळण्यात असताना गिरणी बंद पडली की जागी व्हायची, असं आई सांगायची.

आण्णांच्या गिरणीत माणसाला नंबर नसतो, डब्याला असतो. बायका सकाळी येतात, शेवटच्या डब्यामागं आपला डबा ठेवतात आणि रानात निघून जातात. संध्याकाळी परत येतात तेव्हा पीठ तयार असतं, झाकण लावलेलं. अधल्यामधल्या वेळात डबे ओळीत उभे. दुसऱ्याच्या डब्याला कोणी हात लावायचा नाही, हा गिरणीचा एकमेव कायदा. एकदा एका डब्यावर कोंबडी येऊन बसली आणि उठेना. तिच्या मागचे दोन डबे त्या दिवशी तसेच थांबले, कारण कोंबडी कोणाची हे ठरेना आणि डबा सरकवायला आण्णा तयार होईनात. आमच्या गावात कोणी कोणाच्या मागं उभं राहायचं यावरून एके काळी पुष्कळ रुसवेफुगवे झाले आहेत. पण डब्यामागं डबा उभा राहायला कोणाची कधीच हरकत नव्हती. पितळी डब्याच्या पुढं पत्र्याचा डबा असला तर पितळी डबा मुकाट्यानं थांबायचा.

या व्यवस्थेवर आण्णांचा एवढा विश्वास बसला की जगात सगळीकडं हेच चालतं असं ते धरून चालले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, नळावर घागर ठेवली की पाणी आपलं, न्हाव्याच्या बाकड्यावर टोपी ठेवली की वस्तरा आपला. वस्तू ठेवून माणूस गेला, तर तो गेलेला नसतो, उभाच असतो. एकदा नवरात्रात तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत त्यांनी नैवेद्याचा डबा खाली ठेवला आणि तिथल्या शिट्टीवाल्याला सांगितलं, डबा हितं हाय, मी जरा चहा घेऊन येतो. शिट्टीवाल्यानं डबा आणि आण्णा दोघांनाही रांगेबाहेर काढलं. आण्णांनी त्याला अजून माफ केलेलं नाही. देवीला चाललं असतं, असं ते म्हणतात.

आई गेल्यापासून आण्णा गावाकडं एकटेच असतात. मी धाराशिवला, अर्ध्या-पाऊण तासावर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. त्यांच्या मते आला नव्हता, लाईटचं व्होल्टेज कमी झालं होतं. भर दुपारी रानातसुद्धा व्होल्टेज कमी आहे का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, “तकडं तर लाईटच न्हाय.” दोरीवर वाळत घातलेल्या एका सदऱ्याला त्यांनी “या की, बसा” म्हटल्याचं शेजारच्या काकूंनी स्वतः ऐकलं. सदरा त्यांचाच होता.

इथपर्यंत मी हसत होते. मग एक दिवस काकूंचा फोन आला. गिरणी चालू असताना आण्णांच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली होती. बाही खांद्यापासून फाटून पट्ट्यासोबत गेली आणि हात जागेवर राहिला. सदरा जुना होता म्हणून. नवा असता तर हातही गेला असता. मी आण्णांना फोन लावला, तर ते म्हणाले, शिलाई कच्ची हुती. त्या दिवशी मला आधी भीती वाटली. मला भीती वाटली की मागोमाग राग येतो, त्यामुळं थोड्या वेळानं तोही आला.

पुढचे दोन महिने मी आण्णांच्या मागं लागले. गावात शिबिर आलं तेव्हा तपासण्या सगळ्या झाल्या होत्या, नुसतं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. ते काही ना काही काढायचे. आधी सुगी, मग लग्नसराई, मग गिरणीचं जातं टाकवायचं, म्हणजे झिजलेल्या दगडाला टाकी मारून घ्यायचं काढलंय. एकदा म्हणाले, काकूंचा गहू भिजलाय. काकूंच्या गव्हाचा तुमच्या डोळ्याशी काय संबंध, असं मी विचारल्यावर फोनवर थोडा वेळ गिरणीचाच आवाज येत राहिला. शेवटी ते तयार झाले, पण अटीवर.

“एकदाच येईन,” ते म्हणाले. “त्या दिवशी झालं तर झालं. न्हाय झालं तर परत बोलवायचं न्हाय.”

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते? आमच्या इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात सोलापूरहून मोठे डॉक्टर दर मंगळवारी आणि बुधवारी येतात. दिवसाला बारा डोळे करतात. फोनवर नंबर घेत नाहीत. सकाळी नऊला दार उघडतं आणि जे पहिले बारा आत येतील ते त्या दिवसाचे. म्हणजे आण्णांना मंगळवारी पहिल्या बारांत बसवणं एवढंच माझं काम होतं. ते चुकलं तर ते गावाला जाणार, गिरणी सुरू करणार आणि मी रोज फोनची वाट बघत बसणार.

सोमवारी संध्याकाळी ते आले. हातात स्टीलचा डबा, कडीचा. मी आशेनं उघडून पाहिला, तर रिकामा. बापानं लेकीच्या घरी रिकामा डबा आणावा याचं मला वाईट वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं असं म्हणणार होते, पण त्यांना दिसत नव्हतंच. झाकणाच्या आवाजावरून त्यांना समजलं.

“खायाचा न्हाय त्यो,” ते म्हणाले. “लावायचा हाय.”

मंगळवारी सकाळी सहाला आम्ही दवाखान्यासमोर होतो. आमच्या आधी कोणी नव्हतं. आण्णांनी पायरीवर हात फिरवून दार कुठं आहे ते पाहिलं, दाराच्या बरोबर मधोमध डबा ठेवला आणि समोरच्या लिंबाखाली चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मी म्हटलं, आण्णा, हे शहर आहे, इथं माणसानं उभं राहावं लागतं. ते म्हणाले, “मी उभा हाय की. त्यो बघ.” आणि डब्याच्या अंदाजानं बोट दाखवलं. बोट रसवंतीकडं गेलं, पण ते असो.

मी त्या डब्याशेजारी उभी राहिले. डब्याची राखण करणारी सुशिक्षित बाई. मग पाच-दहा मिनिटांनी एक माणूस आला, त्यानं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलंच नाही, डब्यामागं आपली पिशवी ठेवली आणि टपरीवर निघून गेला. मला फार अपमान वाटला. त्याच्यामागून एकजण आला, त्यानं पाण्याची बाटली ठेवली. मग अणदूरच्या एक आजी आल्या, कपाळाला भंडारा लावलेल्या. त्यांनी कमरेची चंची सोडून ओळीत ठेवली. एकानं हेल्मेट ठेवलं. एकानं एका पायातली चप्पल ठेवली आणि दुसऱ्या पायातल्या चपलेवर लंगडत टपरीवर गेला. एका पँटवाल्या गृहस्थांनी पेपर ठेवला, तो उडायला लागला, म्हणून त्यावर दगड ठेवला. मग त्यांच्या मागच्यानं नुसता दगडच ठेवला.

आठपर्यंत दारासमोर सोळा वस्तूंची रांग होती आणि लिंबाखाली सोळा माणसं गप्पा मारत होती. प्रत्येक नवीन माणूस आण्णांना विचारायचा, इथंच लावायचं ना? आण्णा म्हणायचे, लावा बिनघोर. मग ते त्याचं गाव विचारायचे, कोणत्या गाडीनं आला ते विचारायचे, यंदा रानात काय आहे ते विचारायचे. मी रांगेत एकटीच उभी होते. शेवटी मलाही मूर्खासारखं वाटायला लागलं आणि मीही चहाला गेले. त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून केलेली ही एकच चूक.

दवाखान्यात त्याच आठवड्यात एक नवीन मावशी झाडलोटीला लागल्या होत्या. त्या मागच्या दारानं आल्या, पुढं आल्या आणि पाहतात तर ओसरीवर हा पसारा. नवीन नोकरी, काम दाखवायची हौस. आम्ही चहा पिईपर्यंत त्यांनी ओसरी झाडून पुसून लख्ख केली आणि सगळ्या वस्तू भिंतीला लावून ठेवल्या. अगदी नीट. पिशव्या पिशव्यांजवळ, बाटल्या बाटल्यांजवळ, लहानापासून मोठ्यापर्यंत. दगड त्यांनी टाकून दिले. एकट्या चपलेची जोडी शोधत त्या आमच्याकडंच येत होत्या.

आण्णा सोडून पंधरा माणसं एकदम उठली आणि पंधराही एकदम बोलायला लागली. पँटवाले गृहस्थ म्हणाले, मी सहावा होतो. हेल्मेटवाला म्हणाला, सहावा मी. चार बाटल्या एकसारख्या होत्या आणि त्यांतली तिसऱ्या नंबरची कोणती, यावर चौघांनीही हक्क सांगितला. ज्याचा दगड होता त्याची अवस्था सगळ्यांत वाईट, कारण त्याच्याकडं पुरावाच नव्हता. मावशी बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. मी शिक्षकाच्या आवाजात सगळ्यांना गप्प बसा म्हणून ओरडले, तर एक मिनिट सगळे गप्प बसले आणि मग माझ्यावरच उलटले, तुम्ही तर तिथंच उभ्या होत्या, तुम्हाला माहीत पाहिजे. मला काही माहीत नव्हतं. मी दोन तास रागावण्यात घालवले होते.

तेव्हा आण्णा टपरीवरून उठले आणि ओसरीच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, एकेकानं बोला, मला तोंडं दिसत न्हाईत. मग एकेक जण बोलायला लागला आणि आण्णा आवाजावरून सांगायला लागले. तुमी तेरच्या गाडीनं आलात, सोयाबीनवाले, दुसरं. अणदूरच्या आज्जी, तुमी चौथ्या. तुमच्या मागं हेल्मेट, मग चप्पल, चपलेच्या मागं पेपर, पेपराच्या मागं दगड. बाटल्यांचा तंटा त्यांनी हातात घेऊन सोडवला. चारही बाटल्या एकेक करून तळहातावर तोलल्या आणि कोणी किती पाणी प्यालं ते विचारलं. जन्मभर डब्याचं वजन हातानं ओळखलेला माणूस. चौघांचं चौघांना पटलं. एकूण एक जागा त्यांनी परत लावली आणि मावशींना सांगितलं, तुमची काय चूक न्हाय, पर दगड घेऊन या. मावशींनी दगड आणला.

माझा ऊर भरून आला, हे कबूल करते. मग माझं लक्ष गेलं की पहिली जागा रिकामी आहे आणि आण्णांचा डबा त्यांच्या मांडीवर आहे. ते उठले, चाचपडत ओळीच्या शेवटी गेले आणि सोळाव्या जागी डबा ठेवला.

मी विचारलं हे काय. तेव्हा त्यांनी सांगितलं की नंबर लावणाऱ्याचं दळण शेवटी असतं. गिरणीवाल्याच्या घरचं पीठ सगळ्यांचं झाल्यावरच दळायचं, नाहीतर लोक म्हणतील, आपल्या सोयीनं लावलं. हे खरं होतं. आमच्या घरात कित्येकदा भाकरीला पीठ नसायचं आणि पुढच्या खोलीत गिरणी चालू असायची. सगळे म्हणाले, तुम्ही पहिले होता, आम्ही पाहिलंय. अणदूरच्या आजी म्हणाल्या, भाऊ, तुमी म्होरं व्हा. आण्णा हात जोडून नको म्हणाले. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

नऊला दार उघडलं, बारा जण आत गेले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, आजचे संपले, राहिलेल्यांनी उद्या या. आण्णांनी डबा उचलला, कडी हाताला अडकवली आणि फार अदबीनं विचारलं, “मग आमी जाऊ म्हणता?”

मी त्यांना लिंबाखाली नेलं आणि जे काही बोलले ते टपरीवाल्यानं आणि राहिलेल्या तिघांनी ऐकलं. मी म्हटलं, हे तुम्ही मुद्दाम केलं. दळणाचं, नंबराचं, लोक काय म्हणतील त्याचं मला सांगू नका, मी तुमची मुलगी आहे, काकूंचा गहू नाही. ते हूं हूं करत होते. जन्मभर ते माझ्या ओरडण्याला हूं म्हणत आले आहेत. शेवटी मी म्हटलं, “आण्णा, तुम्ही भिताय.”

त्यांनी डब्याची कडी हातातून सोडवली. मग म्हणाले, “व्हय. भितो.”

मला हे अपेक्षित नव्हतं. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, ते राहिलं.

“आता हाय ते थोडंतरी दिसतंय,” ते म्हणाले. “डोळ्यात सुरी घातल्यावर त्येबी गेलं तर म्या काय करू? गिरणी कुणी बघायची?”

मी सांगणार होते की सुरी घालत नाहीत, दहा मिनिटांचं काम असतं, आता सगळं मशीनवर असतं. दोन महिने हेच सांगत होते. त्याऐवजी मला त्या फाटलेल्या बाहीची आठवण आली आणि मी रडायला लागले. रस्त्यावर, टपरीसमोर, माझ्या शाळेतल्या दोन पालकांच्या देखत. मी म्हटलं, मला रोज वाटतं की आज काकूंचा फोन येईल. शाळेत फोन वाजला तरी वाटतं. मला तुमचा हात पाहिजे, आण्णा. टपरीवाल्यानं न मागता पाणी दिलं.

घरी आल्यावर मी त्यांना जेवायला वाढलं आणि बोलले नाही. शब्द मी दिला होता, एकदाच येईन असं ते म्हणाले होते, त्याप्रमाणं एकदा येऊन झालं होतं. संध्याकाळी मी एवढंच म्हटलं की सकाळची तेरची गाडी सहाला आहे. ते बरं म्हणाले. नवऱ्यानं मध्ये पडून काहीतरी विनोद करून पाहिला. आम्ही दोघांनीही त्याच्याकडं लक्ष दिलं नाही, ते आमच्या घराण्यातच आहे.

सकाळी साडेसहाला मला जाग आली तेव्हा त्यांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि ते नव्हते. डबा स्वयंपाकघरात मांडणीवर होता. डबा विसरण्याइतकी घाई करून गेले, मला भेटलेसुद्धा नाहीत, म्हणून मी आधी रडले आणि मग चिडले. डबा स्कूटीच्या डिकीत टाकला आणि स्टँडवर गेले. तेरची गाडी उशिरा लागली होती, अजून उभीच होती. मी एकेक सीट पाहिली. पुढच्या तीन सीटवर नुसते रुमाल होते, मी तेसुद्धा पाहिले. कंडक्टर म्हणाला, असे कोणी म्हातारे आले नाहीत. दिसत नाही, रस्ता ओळखीचा नाही, गेले कुठं?

दवाखान्यावरून जाताना मी सहज तिकडं पाहिलं आणि गाडी थांबवली. कालचे राहिलेले तिघं लिंबाखाली चहा पीत होते. ओसरीवर त्यांच्या वस्तूंची रांग होती, एक पिशवी, एक बाटली आणि कालच्यासारखाच एक दगड. आणि रांगेत सगळ्यांत पुढं, दाराला तळहात टेकवून, आण्णा स्वतः उभे होते. मला नंतर टपरीवाल्यानं सांगितलं की ते पाचलाच आले. रिक्षावाल्याला त्यांनी दवाखाना असा सांगितला की लिंबासमोर हाय, आन् तिथं एक बाई लई रडते.

मी जवळ गेले. माझ्या चपलांवरून त्यांनी मला ओळखलं. मी म्हटलं, “आण्णा, डबा घरीच राहिला होता. आणलाय मी.”

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” ते म्हणाले. “डोळं माझं हायत. डब्याचं न्हाईत.”

मी म्हटलं, एकदाच येईन म्हणाला होतात. ते म्हणाले, तसंच ठरलं होतं. मग म्हणाले, “तू वरडतीस, त्याची मला सवय हाय माय. काल तू रडलीस. मला दिसलं न्हाय, पर ऐकू आलं.”

मी त्यांचा मोकळा हात धरला. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि दारावरचा हात काही काढला नाही. दार उघडायला अजून दोन तास होते. टपरीवाल्याला दया आली. त्यानं रस्त्यापलीकडून विचारलं, बाबा, बाकडं आणून देऊ का, बसता का जरा?

“नगं,” आण्णा म्हणाले. “बसलो की उठून जाईन.”